दैफल्लाने खाली ठेवलेला पेला

ऐन अल-लोझच्या बायका पोरांना कडू औषध पाजताना म्हणायच्या, “गीळ मुकाट्याने, नाहीतर दैफल्लाला हाक मारते.” पोरं गिळायची. दैफल्लाने जन्मात कुणाच्या पोराला बोट लावलं नव्हतं. पण तो बघायचाच असा, की त्यानंतर औषध गोड लागावं.

करक शहराच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत हे गाव. गावात टोळीची मोठी बैठक, म्हणजे मदाफा. तिथे दैफल्ला बावीस वर्षं कॉफी वाढत होता. त्याआधी एकवीस वर्षं राजाच्या फौजेत आचारी होता. “चारशे माणसांची डाळ एका हाताने ढवळलीय,” असं तो सांगायचा. लोक मागे म्हणायचे, डाळीला चव का नव्हती ते आता कळलं. समोर कुणी म्हणत नसे.

त्याची कॉफी मात्र नाव ठेवण्यासारखी नव्हती. बिया स्वतः भाजायचा, वेलदोडा स्वतः सोलायचा, लाकडी उखळीत असा ठेका धरून कुटायचा की वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची पावलं आपोआप बैठकीकडे वळत. डाव्या हातात चोचीचं पितळी भांडं, उजव्या हातात अंगठ्याएवढा बिनकानाचा पेला. पहिला पेला वाढणाऱ्याने स्वतः सगळ्यांदेखत प्यायचा, म्हणजे आत काही कालवलेलं नाही हे पाहुण्याला कळतं. मग पाहुणा. पाहुण्याला पुरे झालं की त्याने पेला हलवायचा, बोलायचं नाही. आणि पाहुण्याने भरलेला पेला न पिता खाली सतरंजीवर ठेवला, तर अख्खी बैठक गप्प. कारण त्याचा अर्थ, माझं एक मागणं आहे आणि ते मिळेपर्यंत मी तुमच्या घरचा थेंब पिणार नाही. ऐन अल-लोझच्या बैठकीत त्यावर आणखी एक कडक रीत होती. तो पेला उभा असेपर्यंत दुसऱ्या कुणालाही कॉफी मिळायची नाही.

पाहुण्यांनी खाली ठेवलेले किती पेले दैफल्लाने पाहिले होते. मुलीची सोयरीक, पाण्याचा वाटा, एकदा तर खून माफ झालेला. सगळं त्याच्या भांड्यासमोर. तो म्हणायचा, “वाढणाऱ्याने मागू नये. वाढणारा मागायला लागला की कॉफीत त्याचा घाम उतरतो.” त्याने स्वतःचा पेला कधी खाली ठेवला नव्हता. तसं मागण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतंही, मुलाला पकडून नेईपर्यंत.

मुलाचं नाव रातिब. तिशीचा, गावच्या शाळेत भूगोल शिकवणारा, एकुलता एक. बापासारखाच तिरसट. फरक एवढाच की बाप गप्प राहून तिरसट, मुलगा बोलून. शेजारच्या देशांतले कायमचे वाटणारे राज्यकर्ते धडाधड कोसळले, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. रॉकेल महागलं होतं आणि डोंगरावर बर्फ पडलं होतं. मशिदीच्या पटांगणात मिनार पक्षाने सभा घेतली. मिनारवाले म्हणजे धर्माचं राज्य आणू म्हणणारे. त्यांच्याकडे माइक होता, आणि रातिबला बोलायचं होतं. पक्षाचा तो कुणी नव्हता. तो उठला आणि म्हणाला, “आम्ही अंथरुणात बूट घालून झोपतो. राजवाड्याच्या दिव्यांचं बिल कोण भरतं, एवढंच मला विचारायचंय.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गाड्या आल्या. आरोपाचं नाव ‘जीभ लांब करणे’. कायद्यात खरोखरच असं कलम आहे. गावात त्यावर पुष्कळ विनोद झाले. दैफल्ला समोर असताना नाही झाले.

घरी बैठकीच्या खोलीत राजाचा फोटो होता, फौजेतून निवृत्त होताना मिळालेला. दैफल्लाने तो काढला नाही. काढणं म्हणजे आणखी एक गाडी. त्याने तो नुसता उचलून स्वयंपाकघरात कांद्याच्या टोपलीवर टांगला. बायको, उम्म रातिब, म्हणजे रातिबची आई, म्हणाली, “इथे कशाला?”

“कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आलं, तर कारण विचारणार नाही कुणी,” तो म्हणाला.

तीन महिने त्याने वाट पाहिली, मग तो दारं ठोठावायला निघाला. पहिलं दार मुतसर्रिफचं. मुतसर्रिफ नज्मी बेक म्हणजे सरकारने जिल्ह्यावर बसवलेला अधिकारी. बूट असे चमकवायचा की बोलताना स्वतःचं तोंड त्यात बघायचा.

“अबू रातिब,” रातिबचा बाप म्हणून हाक मारत तो म्हणाला, “तू फौजेतला माणूस. तुझ्या घरात मिठाला जागणारं रक्त. पोराला सांग, एक ओळ लिहून दे, की चूक झाली. आज लिहिलं तर उद्या घरी.”

“तो लिहीत नाही, बेक.”

“मग तुझं काय चाललंय बाप म्हणून?”

“त्याचं लग्न ठरवताना पण माझं काही चाललं नव्हतं. अजून बिनलग्नाचाच आहे.”

दुसरं दार डॉक्टर उसैदचं. हा दातांचा डॉक्टर आणि मिनार पक्षाचा उमेदवार. दोन वर्षांपूर्वी त्याने दैफल्लाची दुखती दाढ ठेवून शेजारची चांगली दाढ काढली होती. तेव्हापासून धर्माचं राज्य कसं असेल, याची दैफल्लाला कल्पना होती. दवाखान्याच्या भिंतीवर रातिबचा हा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, ‘सत्याचा कैदी’. रातिबच्या आईला नसेल एवढा तो फोटो डॉक्टरला प्यारा झाला होता.

“काका, धीर धरा,” उसैद म्हणाला. “रातिब आमचा हिरा आहे.”

“तुमचा कधी झाला?”

“जुलूम सोसणारा प्रत्येकजण आमचा. निवडणूक तीन आठवड्यांनी, बुधवारी. नंतर आमचे वकील जातील.”

“नंतर का?”

डॉक्टरने दाढी कुरवाळली. “काका, तो आत आहे तोवर गाव जागं आहे.”

“म्हणजे माझं पोर तुझ्या दवाखान्याची पाटी,” दैफल्ला म्हणाला. “आणि मला वाटलं तू दाढ तेवढी चुकीची काढतोस.”

तिसरं दार शेख मिथ्कालचं, टोळीच्या प्रमुखाचं, बैठकीच्या मालकाचं. शेख मिशांना कलप लावायचा आणि वर्षातून दोनदा राजवाड्यात जेवायला जायचा. त्यातलं एक जेवण तो वर्षभर सांगायचा, दुसरं पुढच्या वर्षीसाठी ठेवायचा. त्याचा पुतण्या निवडणुकीला उभा होता, राजनिष्ठ म्हणून, डॉक्टरच्या विरुद्ध.

“अबू रातिब, तुझं दुःख ते माझं दुःख,” शेख म्हणाला. “पण आत्ता तोंड उघडलं तर वर वाटेल, मिथ्काल मिनारवाल्यांना मिळाला. निवडणूक होऊ दे.”

“तुम्ही पण तेच म्हणता, डॉक्टर पण तेच म्हणतो. मग भांडता कशाला? एकाच यादीत उभे राहा.”

शेखने मान फिरवली. बावीस वर्षांत वाढणारा असं बोलला नव्हता.

आणि मग बातमी आली की मोठ्या वकिलातीचा गोरा साहेब बैठकीला येतोय. कोणत्या देशाची वकिलात हे महत्त्वाचं नाही. तिचे पैसे राजाच्या फौजेलाही जायचे आणि निवडणुका कशा घ्याव्यात याच्या शिबिरांनाही जायचे, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. साहेब म्हणे गावोगाव ‘ऐकायला’ फिरत होता. तीन वर्षं बंद असलेले रस्त्यावरचे दिवे दोन दिवसांत लागले. नज्मी बेकने स्वतः येऊन मशिदीच्या भिंतीवरच्या घोषणांना चुना मारून घेतला. डॉक्टरने त्याच दुपारी चुन्यावर नव्या घोषणा लिहून घेतल्या, ताज्या, ठळक, साहेबाला गाडीतून वाचता येतील अशा. एकाला शांतता दाखवायची होती, दुसऱ्याला जुलूम. शेखला दाखवायची होती मेंढी, म्हणून त्याने तीन कापल्या.

त्या सकाळी दैफल्ला बिया भाजत होता तेव्हा उम्म रातिब दारात उभी राहिली.

“चाळीस वर्षं दुसऱ्यांना वाढलंस,” ती म्हणाली. “फौजेत डाळ, इथे कॉफी. तुझ्या वाट्याला काय आलं?”

“पहिला पेला.”

“तो तर विष आहे का बघायला देतात.”

बिया त्या दिवशी जरा जास्त भाजल्या गेल्या.

साहेबाचं नाव मिस्टर ऑल्डन. लांब, हसरा, गुडघे कुठे ठेवावेत ते न कळणारा. त्याला अरबी येत होती, पण पुस्तकातली. मुलाखतीला आल्यासारखा बोलायचा. भिंतीलगत गाद्यांवर सगळे बसले. मधे शेख, त्याच्या उजवीकडे साहेब, डावीकडे नज्मी बेक. डॉक्टर उसैदला बोलावलं नव्हतं, तरी तो आला, आणि आलेल्याला बैठकीतून उठवत नाहीत म्हणून बसला. कोपऱ्यात हाज्ज फुलैह, गावातला सर्वांत म्हातारा, डोळ्यांनी जवळजवळ आंधळा आणि कानांनी तिखट. रीतिभातीचा शेवटचा शब्द त्याचा.

दैफल्लाने पहिला पेला स्वतः घेतला, पाहिला, प्यायला. मग साहेबाला दिला.

तेवढ्यात डॉक्टरने संधी साधली. “साहेब, या गावातले एक शिक्षक आज तुरुंगात आहेत. फक्त एक प्रश्न विचारला म्हणून.”

साहेबाने खिशातून वही काढली. लिहायला दोन्ही हात हवेत. त्याने भरलेला पेला समोर सतरंजीवर ठेवला आणि लिहू लागला.

खोलीत कुणी खोकलं नाही. रॉकेलची शेगडी तेवढी घुरघुरत होती. साहेबाची लेखणी चालू होती आणि साठ माणसं त्याच्या पेल्याकडे बघत होती.

गावच्या माणसाने पेला ठेवला असता तर शेखने आधी विचारलं असतं, काय हवं. मग अर्धा तास दाढी खाजवली असती. पण हा मोठ्या वकिलातीचा माणूस. शेखच्या डोळ्यांसमोर राजवाड्यातलं तिसरं जेवण तरळलं असावं. तो पुढे झुकून म्हणाला, “प्या साहेब, कॉफी प्या. ज्यासाठी आलात ते दिलं. मिथ्कालचा शब्द.”

साहेबाने मान वर केली. “आपला आभारी आहे. परंतु मी काहीही मागण्यासाठी आलेलो नाही. मी केवळ ऐकण्यासाठी आलो आहे.”

याहून वाईट उत्तर त्याला शोधून सापडलं नसतं. पेला ठेवायचा, शब्द घ्यायचा आणि वर म्हणायचं मागायचं नाही. नज्मी बेकचा चेहरा उतरला; त्याला वाटलं, हा कैद्याचं नाव घेणार आणि मोठेपणासाठी आढेवेढे घेतोय. डॉक्टर ताठ बसला. त्याला वाटलं, हा सांगणार की मिनारवाल्यांनी निवडणूक सोडावी.

कोपऱ्यातून हाज्ज फुलैह बोलला. “लेका, पेला ठेवलास, शब्द मिळाला. आता लाजू नको. काय हवं तुमच्या लोकांना?”

साहेब हसला. आपल्याला धोरण विचारताहेत, असं त्याला वाटलं असणार. “निवडणुका मुक्त व्हाव्यात आणि स्थैर्यही टिकावं, ही आमची इच्छा आहे.”

“म्हणजे मिनारवाले आले तरी चालेल?”

“जनतेच्या कौलाचा आम्ही आदर करतो.”

“आणि राजा?”

“महाराज आमचे जुने स्नेही आहेत.”

“बरं. कौल एकीकडे गेला आणि स्नेही दुसरीकडे, तर तुझी गाडी कुठे वळेल?”

“ही परिस्थिती काल्पनिक आहे, आजोबा.”

“आमच्याकडे तिला निवडणुकीचा बुधवार म्हणतात,” हाज्ज म्हणाला.

कुणीतरी रुमालात हसलं. नज्मी बेक बुटात बघू लागला.

दैफल्ला भांडं धरून साहेबाच्या पुढ्यातच उभा होता. तो वाकला, पेला नीट करत असल्यासारखा, आणि हळूच म्हणाला, “साहेब, आत आहे तो माझा पोरगा. रातिब. तुम्हाला शब्द मिळालाय. एवढं एक नाव घ्या.”

साहेबाच्या डोळ्यांतून कळलं की नाव त्याला माहीत आहे. वहीत डॉक्टरचं पत्रक घडी करून ठेवलेलं होतं, त्यावर रातिबचं अर्धं कपाळ दिसत होतं. त्याने कपाळाकडे बघितलं. मग नज्मी बेककडे. मग शेखकडे. बिचाऱ्याला खरोखर वाईट वाटलं असावं. त्याचे कान लाल झाले.

“हे प्रकरण आम्हाला ज्ञात आहे,” तो पुटपुटला. “योग्य माध्यमातून आम्ही आमची चिंता कळवलेली आहे. या क्षणी, या ठिकाणी...” पुढचं वाक्य त्याला पुस्तकात सापडलं नाही. शेखने मघाशी प्या म्हटलं होतं, म्हणून त्याने पेला उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला. वर हलवलाही, पुरे म्हणून. एवढं त्याला शिकवलेलं होतं.

शेखने सुटकेचा श्वास सोडला. फुकटचा शब्द फुकट परत आला होता.

दैफल्लाने साहेबाच्या हातून पेला घेतला. पुन्हा भरला. पुढचा मान नज्मी बेकचा. त्याने हातही पुढे केला होता. दैफल्ला त्याच्यासमोरून पुढे गेला, शेखच्या पायाशी पेला सतरंजीवर ठेवला आणि त्याच्यामागे मांडी घालून बसला. बावीस वर्षांत बैठकीने त्याला बसलेला पाहिला नव्हता.

“अबू रातिब,” शेख दातांतून म्हणाला, “ऊठ. पाहुणे आहेत.”

“पाहुणे आहेत म्हणूनच बसलो. शब्द दिलात तुम्ही, शेख. साहेबाने तो सतरंजीवरच टाकला. माझ्या सतरंजीवर. मी रोज झाडतो ती. मी उचलला.”

“तो शब्द पाहुण्याला होता.”

“पाहुणा नको म्हणाला.”

“वाढणाऱ्याला मागता येत नाही.”

“मग मी आत्तापासून वाढणारा नाही.” त्याने पितळी भांडं शेखच्या गादीला टेकवून ठेवलं.

सगळ्यांनी हाज्जकडे बघितलं. हाज्जने बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी चघळलं. “शब्द काही खरकटं नव्हे, पाहुण्याने टाकला म्हणून कुत्र्याला घालायला,” तो शेवटी म्हणाला. “घरच्याने उचलला तर घरच्याचा. मिथ्काल, तुझी जीभ आज जरा लांब झाली, एवढंच.”

आता मात्र रुमालात कुणी हसलं नाही, उघडच हसले. शेखच्या मिशांचा कलप गालांवर उतरेल की काय असा तो लाल झाला.

“दिलं,” तो म्हणाला. “पी.”

“दिलं ते ऐकलं. रातिब इथे येऊन बसला की पितो. तुमचे शब्द कसे पिऊन टाकतात ते आत्ताच पाहिलं.”

मेंढी सगळ्यांनी खाल्ली, मान खाली घालून. मिस्टर ऑल्डनने जाताना दैफल्लाचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला की आपल्या परंपरांनी आपण अत्यंत प्रभावित झालो आहोत. दैफल्लाने हात सोडवून घेतला आणि अंगरख्याला पुसला.

पुढचे बारा दिवस तो पेला तिथेच उभा राहिला. दैफल्लाने त्यावर काचेचा ग्लास पालथा घातला आणि रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेजारी बसून राहिला, कोंबडी अंड्यावर बसते तसा. बैठकीत कॉफी बंद. निवडणुकीच्या दिवसांत बैठकीत कॉफी नाही म्हणजे लग्नात नवरी नाही. शेखचा पुतण्या मतं मागायला माणसं गोळा करायचा. माणसं यायची, ग्लासखालच्या पेल्याकडे बघायची, कोरड्या तोंडाने परत जायची. बाहेर पडल्यावर खालच्या आळीतल्या चहाच्या टपरीवर थांबायची, आणि ती टपरी डॉक्टरच्या मेव्हण्याची होती. तिसऱ्या दिवशी शेखचा साडू केरसुणी घेऊन आला. म्हणाला, जरा झाडून घेतो.

“झाड,” दैफल्ला म्हणाला, “पण कोपरा लागला तर सांगेन की शेखच्या घरच्यांनी शेखचा शब्द सांडला.”

साडू केरसुणी घेऊन परत गेला.

सहाव्या दिवशी डॉक्टर उसैद आला, बाजूला बसला, आवाज मऊ केला. “काका, तुम्ही कमाल केलीत. सगळा जिल्हा तुमचंच बोलतोय. फक्त तो बुधवारच्या आत सुटला तर लोक म्हणतील, राजा दयाळू आहे. मग आमच्या लढ्याचं काय?”

“तुझ्या लढ्याला तू आत जा.”

“माझ्यावर जबाबदाऱ्या आहेत.”

“चांगल्या दाढा उपटायच्या,” दैफल्ला म्हणाला. “जा. उजेड अडवू नको.”

नज्मी बेकचा शिपाई रोज एकच कागद घेऊन यायचा, ‘चूक झाली’ एवढीच ओळ लिहिलेला, खाली बापाची सही चालेल असा निरोप. दैफल्ला रोज तो कागद शेगडी पेटवायला ठेवून घ्यायचा. शेख दोनदा राजधानीला जाऊन आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा मिशा पांढऱ्या दिसत होत्या. कलप लावायला सवड मिळाली नव्हती, किंवा त्याला कुणी तो लावू दिला नव्हता. तो आत आला. गादीवर बसला, पेल्याकडे बघितलं आणि बूट काढायचंही भान न राहून पाय वर घेतले.

सोमवारी दुपारी रातिब सुटला. सरकारी पत्रात लिहिलं होतं, महाराजांनी पितृवत् क्षमा केली. संध्याकाळच्या आत डॉक्टरचं पत्रक निघालं, जनतेच्या दबावापुढे राजवाडा झुकला. आणि मिस्टर ऑल्डनने शेखला फोन करून अभिनंदन केलं, त्याच्या देशाच्या शांत प्रयत्नांना यश आलं म्हणून. कुणी पेल्याचं नाव घेतलं नाही.

रातिबला गाडीने सरळ बैठकीत आणलं. भिंतीलगत तीच साठ माणसं. तो वाळला होता, दाढी काढलेली, हनुवटी पोरासारखी दिसत होती. दैफल्ला उठला नाही. पायांना मुंग्या आल्या होत्या म्हणून असेल.

“बस,” तो म्हणाला.

रातिब उभाच राहिला. “बाबा, शेखने तिथे काय लिहून दिलंय, विचारलंत?”

दैफल्लाने शेखकडे पाहिलं. शेखने छताकडे पाहिलं.

“लिहून दिलंय, याची जीभ माझ्या जामिनावर. मी पुन्हा तोंड उघडलं तर तुमच्या शेखला आत टाकतील, अख्ख्या टोळीची इज्जत जाईल. म्हणजे मला आता बोलता येणार नाही. उद्या नाही, परवा नाही, कधीच नाही.” त्याचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागला. “त्यांनी लांब जीभ म्हणून आत टाकलं. तुम्ही ती छाटून बाहेर काढलीत. मी एक ओळ लिहिली नाही चार महिने. मार खाल्ला. आणि तुम्ही एका पेल्यात विकलीत.”

“तुझ्या आईने चार महिने भाकरी मोजून केली,” दैफल्ला म्हणाला. “दोघांची. तिसरी हातात यायची आणि ती परत पिठात टाकायची. मला जीभ नको होती. मला तू हवा होतास.”

“मग मला विचारायचं होतं.”

“तू मला विचारून माइक घेतला होतास?”

कुणीतरी मधे पडायला लागलं. हाज्ज फुलैहने काठी आपटली. “पेला,” तो म्हणाला. “आधी पेला.”

दैफल्लाने ग्लास काढला. बारा दिवसांची कॉफी, वर तवंग आलेली, कडेला काळी पडलेली. तो ती प्यायला, सगळी. तोंड वाकडं केलं नाही. मग रिकामा पेला त्याने शेखसमोर हलवला, नज्मी बेकच्या शिपायासमोर हलवला, दारात फोटो काढायला थांबलेल्या डॉक्टरसमोर हलवला. पुरे. आणि पेला भांड्याच्या चोचीवर पालथा घालून घरी गेला. रातिब त्याच्या दहा पावलं मागून चालत होता. गावाने नंतर शपथेवर सांगितलं, की अख्ख्या वाटेत ते अंतर कमी झालं नाही.

बुधवारी मतदान झालं. डॉक्टर हरला आणि शेखचा पुतण्या जिंकला. ज्यांनी डॉक्टरला मत दिलं होतं त्यांनी पुतण्याच्या मिरवणुकीत हवेत गोळ्या झाडल्या. मिस्टर ऑल्डनच्या देशाने निवडणूक उत्साहवर्धक म्हटली आणि काही त्रुटींबद्दल चिंता व्यक्त केली. दैफल्लाच्या घरातून कुणीही मत द्यायला गेलं नाही. उम्म रातिब म्हणाली, “दोन गाढवं एका गोठ्यात. एकाचं तोंड पूर्वेला, एकाचं पश्चिमेला. मी कुणाला मत देऊ?”

रातिब मागच्या खोलीत राहायला गेला. जेवण तिथेच. बापाशी एक शब्द नाही. शाळेने त्याला परत घेतलं नव्हतं. भिंतीवर नकाशा लावून तो दिवसभर त्याच्याकडे बघत बसायचा. बैठकीत शेखने नवीन वाढणारा ठेवला, आणि त्याची कॉफी कढत नाही, नुसती गरम होते, असं सगळे म्हणायचे आणि तरी प्यायचे.

पुढच्या शुक्रवारी सकाळी दैफल्लाने घरची उखळ ओट्यावर काढली. बिया भाजल्या, या वेळी बेताच्या. आणि ठेका धरला, तोच जुना, वरच्या आळीपर्यंत जाणारा. दारं उघडली नाहीत. टोळीचा जामीन जिच्यामुळे टांगणीला लागला, ती कॉफी प्यायला कोण येणार? फक्त हाज्ज फुलैहची काठी खडखडत आली.

“वास सोडवत नाही मला,” तो म्हणाला आणि बसला. “कोण कोण आलंय?”

“तू.”

“मग बाकीचे मरोत.”

दैफल्लाने पेला भरला. पहिला, स्वतःचा. हाज्जने जिभेने ओठ ओले केले, आता प्यायल्याचा आवाज येईल म्हणून कान टवकारले. आवाज आला नाही. दैफल्ला उठला, मागच्या खोलीच्या बंद दाराशी गेला, भरलेला पेला उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवला आणि भिंतीला पाठ लावून बसला.

उम्म रातिब स्वयंपाकघराच्या दारात आली. तिच्या मागे कांद्याच्या टोपलीवर राजा हसत होता. “निवेल ती,” ती म्हणाली.

“निवू दे. बारा दिवसांची पिऊन झालीय.”

आतून खुर्ची सरकल्यासारखं वाटलं.

हाज्ज फुलैहला दिसत नव्हतं, पण कळायला त्याला डोळे लागत नसत. त्याने सुस्कारा टाकला. “म्हणजे पेला खाली आहे,” तो म्हणाला. “म्हणजे मलाही नाही.”

“तुलाही नाही.”

हाज्जने चाचपडत आत जाऊन काठीने बंद दारावर दोनदा ठोकलं. “अरे ए नकाशावाल्या,” तो म्हणाला, “तुला आयुष्यभर बापावर रुसायचंय ते रूस. पण माझं वय चौऱ्याऐंशी आहे. काय ते आज दुपारपर्यंत ठरव.”